गप्पा रंगल्या, पण वाटण कुठं गेलं?

गेल्या अंकात विचारलं होतं की कलाकार येऊन स्वयंपाक करतात आणि सोबत गप्पा मारतात असले टीव्हीवरचे शो तुम्हाला कसे वाटतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारू नका. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून थोडी निवडलीत.

प्रश्न (म्हापसा) : ताई, मी 'आम्ही सारे खवय्ये' प्रशांत दामले करायचे तेव्हापासून बघतेय, नंतर 'किचन कल्लाकार' पण बघितलं. गप्पा मस्त असतात, मान्य. पण असल्या शोमध्ये आपल्या गोव्याचा पदार्थ आला की वाटण आधीच वाटीत तयार! ओतलं, ढवळलं, झालं. अहो हुमणात, म्हणजे आपल्या माशाच्या आमटीत, वाटणच तर सगळं असतं, मग आम्ही बघायचं काय?

उत्तर : अगदी मनातलं बोललात बघा. कारण सोपं आहे, मिक्सर लावला की कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, कलाकार गप्प, अँकर गप्प, आणि अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती गेल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात, त्यात मिक्सरची घरघर कोण दाखवणार. म्हणून वाटण आधीच करून ठेवतात. पनीरच्या भाजीत किंवा पुलावात त्यानं फारसं बिघडत नाही कारण कांदा-टोमॅटो तर समोरच परततात, सगळं दिसतं. पण आपलं तसं नाही ना. हुमणाला खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे, हळद, चिंच हे इतकं बारीक वाटायचं की बोटात घेऊन चोळलं तर कण लागता कामा नये, आणि उड्डमेथीच्या आमटीला उडीद-मेथी तेलावर परतून घेऊन वाटण जरा भरडच ठेवायचं. शागुतीचं, म्हणजे कोंबडीच्या किंवा मटणाच्या रश्श्याचं, तर अजून वेगळं, तिथे खोबरं लालसर होईपर्यंत भाजायचं, जरा कमी भाजलं तर पांचट आणि जास्त झालं तर कडू. हे सगळं मिक्सरच्या भांड्यात आणि कढईत होतं आणि नेमकं तेच कॅमेऱ्यात येत नाही. मग मुंबई-पुण्यात बघणाऱ्याला वाटतं गोव्याची आमटी म्हणजे नारळाचा लाल रस, बास.

तिरफळ या माशाच्या आमटीतल्या मसाल्याचं पण तेच. बांगड्याच्या हुमणात तिरफळं वाटायची नसतात, आतली काळी बी काढून टाकायची, नुसती ठेचायची आणि उकळी आली की सोडायची. कुणी वाटणात घातली तर कडवटपणा येतो आणि मग लोक म्हणतात आम्हाला नाही बाबा आवडली गोव्याची करी. माझं म्हणणं एवढंच की पंधरा सेकंद मिक्सरचा क्लोजअप दाखवा, एडिटिंगमध्ये आवाज काढून टाका, वर कलाकाराचा एखादा किस्सा चालू राहू दे. अजिबात अवघड नाही हो हे.

प्रश्न (फोंडा) : मला रेसिपीशी काही देणंघेणं नाही, मी फक्त गप्पांसाठी बघतो. एरवी मुलाखतीत तीच ती उत्तरं देणारी माणसं कांदा चिरताना इतकं मोकळं कशी बोलतात?

उत्तर : हात कामात गुंतले की माणूस जपून बोलायचं विसरतो. सोफ्यावर बसवलं की समोर कॅमेरा, हात कुठे ठेवू ते कळत नाही, मग पाठ केलेलं बाहेर येतं. स्वयंपाक करताना नजर कढईत असते, मीठ घातलं का याची धाकधूक असते, आणि त्या नादात आईची आठवण निघते, पहिल्या भाड्याच्या खोलीतला स्टोव्ह निघतो. दामल्यांना हे फार छान जमायचं, त्यांचं टायमिंग नाटकातलं आहे, 2022 मध्ये त्यांनी साडेबारा हजारावा प्रयोग केला, इतकी वर्षं प्रेक्षकांसमोर उभं राहिलेल्या माणसाला समोरच्याला कधी बोलू द्यायचं ते बरोबर कळतं. संकर्षण कऱ्हाडेनं नंतर खवय्ये पण केलं आणि किचन कल्लाकार पण, त्याचाही स्वभाव ऐकून घेण्याचा.

पण एक अट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, पदार्थ त्या माणसाचा स्वतःचा हवा. कधी न खाल्लेला पदार्थ दिला, वरून टास्क, वरून वेळेची घाई, मग धावपळ बघायला मजा येते पण गप्पा तुटतात. किचन कल्लाकारमध्ये मला हेच खटकायचं, दामले परीक्षक 'महाराज' बनून बसलेले, समोर एवढे चांगले कलाकार, आणि कुणी मनातलं काही सांगायला लागलं की टास्क मध्ये यायचा. फराह खान यूट्यूबवर आपल्या कुकला, दिलीपला घेऊन कलाकारांच्या घरी जाते ते बघा. त्यांचं स्वतःचं किचन, स्वतःचे डबे, त्यामुळे घरचं बोलणं आपोआप निघतं. आणि 2025 च्या सेलिब्रिटी मास्टरशेफमध्ये आपल्या उषा नाडकर्णी! ऐंशीच्या जवळ आलेली बाई त्या स्पर्धेत उभी राहते, मला तर त्यांना नुसतं ओट्यापाशी बघूनच भरून यायचं.

प्रश्न (मडगाव) : किचन कल्लाकारमध्ये पंकजा मुंडे, प्रणिती शिंदे, रोहित पवार असे राजकारणी आले होते. स्वयंपाकाच्या शोमध्ये पुढाऱ्यांना कशाला?

उत्तर : मला चाललं. भाषण न करता पुढारी कसा बोलतो ते कळतं. फक्त निवडणुकीच्या तोंडावर नको.

प्रश्न (सांखळी) : हिंदीत 'लाफ्टर शेफ्स' लागतं, त्यात स्वयंपाक न येणाऱ्यांचीच मजा. मुलगा म्हणतो यांना येत नाही तर मी कशाला शिकू. मला राग येतो.

उत्तर : तुमचा राग बरोबर आहे. पोळी नकाशासारखी झाली म्हणून एकदा हसलो, ठीक आहे, पण प्रत्येक वेळी पुरुष आला की त्याला काहीच येत नाही आणि त्यावर टाळ्या, हे आता बंद व्हायला पाहिजे. आपल्याकडे लग्नाचं, देवळातलं शेकडो माणसांचं जेवण रांधणारे पुरुषच असतात की! पण त्याच शोमध्ये शेफ हरपाल सिंग सोखी असतात, ते चाखून चूक सांगतात, मुलाला तेवढं नीट बघायला सांगा. आणि रविवारी त्याच्याकडून नुस्तं, म्हणजे मासे, साफ करून घ्या, पहिल्यांदा घाण वाटेल, मग जमेल.

प्रश्न (डिचोली) : असा शो गोव्यात झाला तर कुणाला बोलवायचं?

उत्तर : वर्षा उसगावकर, दुसरं नावच नको. त्यांच्या हातून चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, खतखतं करून घ्यायचं, सगळ्या भाज्या समोर चिरायला लावायच्या, सुरण, नीरफणस, मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगा, आणि चिरता चिरता घरातली चवथ, गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी, कोण कोण जमायचं ते सगळं बोलू द्यायचं. तासभर आरामात जाईल. पण नुसते सिनेमावालेच नकोत. जत्रेतल्या नाटकात काम करणारा एखादा गावचा कलाकार बोलवा, रात्रभर प्रयोग करून पहाटे घरी आल्यावर काय खातो ते त्याला करून दाखवू दे. तियात्रातल्या, म्हणजे कोंकणी नाटकातल्या, एखाद्या बाईंना बोलवा, त्यांच्या हातचं डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आणि शिवराक (शाकाहारी) घरातलं खतखतं एकाच ओट्यावर होऊ दे. असा शो मी एकही भाग न चुकवता बघेन.

प्रश्न (पणजी) : एका शोमध्ये सोलकढी गॅसवर उकळताना दाखवली. आमच्या सुनेनं तसंच केलं आणि फुटली. कुणाचं बरोबर?

उत्तर : तुमचं. नारळाचं दूध घातलं की उकळायची नाही, फुटणारच. फोडणी देतात ती फुटी कढीला, तिच्यात नारळाचं दूध नसतं, नुसतं सोलांचं पाणी. शोवाल्यांनी दोन्ही एकच समजून केलं असणार. सुनेला काही बोलू नका हं, तिनं टीव्हीवर बघितलं तेच केलं.