लाल मणी ओळखायचा असेल, तर आधी त्याचे भोक पाहावे

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे, की आजीच्या डब्यात लाल मण्यांची एक माळ मिळाली आहे, आपल्या मामींच्या मते ती पोवळ्यांची आहे, शेजारी तिला माणकांची म्हणतात आणि सोनाराने "गार्नेट असावे" एवढेच सांगून ती परत दिली आहे. लाल रत्ने किती प्रकारची असतात आणि त्यांचे मणी ओळखावेत कसे, हे आपल्याला हवे आहे. मी बडोद्याला राहते आणि गेली तीसेक वर्षे तुटलेल्या माळा पुन्हा ओवून देते. माळ न पाहता ती कशाची आहे हे मी सांगणार नाही. परंतु पाहायची कशी, हे नक्की सांगू शकते. रंगाकडे सर्वांत शेवटी पाहावे. दगड तापवून, रंगात बुडवून किंवा त्याच्या भेगांत काच भरून रंग आणता येतो आणि वरची झिलई उरलेले झाकून टाकते. भोकाच्या आतल्या बाजूला मात्र सहसा कोणी झिलई करीत नाही, म्हणून आमच्या कामात ज्याला वेज म्हणतात, तिथे मण्याचे खरे रूप दिसते.

माणकापासून सुरुवात करते, कारण सर्वांना तेच हवे असते. माणिक म्हणजे लाल रंगाचा कुरुंद. धार लावण्याच्या चाकासाठी आपल्याकडे जो कुरुंद वापरीत, त्याचाच हा श्रीमंत भाऊ. क्रोमियमच्या अंशाने त्याला लाली येते आणि कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तो हिऱ्याच्या खालोखाल, म्हणजे नवाच्या पायरीवर बसतो. आता व्यवहाराचा विचार करावा. चांगल्या माणकाला भोक पाडले की वजन कमी होते आणि किंमतही, त्यामुळे उत्तम माणिक अंगठीत किंवा कुड्यात जाते, माळेत क्वचितच येते. माळेत येते ते बहुधा कर्नाटकातले किंवा तशाच प्रतीचे जांभळट, अपारदर्शक माणिक, आणि त्यालाही पुष्कळदा रंग दिलेला असतो. एकसारख्या आकाराचे, स्वच्छ, चमकदार लाल मणी दोरीभर मिळाले, तर आनंदापेक्षा संशय अधिक वाटला पाहिजे. कारखान्यात ज्योतीवर माणिक तयार करण्याची फ्रान्समधील व्हर्नुई यांची पद्धत 1902 पासून जगजाहीर आहे; तेव्हा माळ आजीच्या काळची आहे एवढ्यावरून ती निसर्गातली ठरत नाही.

माणकाशी ज्याची सर्वांत जास्त गफलत झाली, ते रत्न म्हणजे स्पिनेल, जोहऱ्यांच्या भाषेतील लालडी. इंग्लंडच्या राजमुकुटातील "ब्लॅक प्रिन्सचे माणिक" प्रत्यक्षात स्पिनेल आहे, आणि ज्यावर मोगल बादशहांची नावे कोरलेली आहेत ते "तैमूरचे माणिक"ही स्पिनेलच आहे. मोगलांना बदख्शानचे हे खडे फार प्रिय होते. ते पैलू न पाडता, मूळचा ओबडधोबड आकार राखून, नुसते घासून आणि भोक पाडून ओवीत. आपल्या डब्यात ते निघण्याची शक्यता अगदी कमी आहे.

गार्नेट, म्हणजे तामडा, याची शक्यता बरीच आहे. राजस्थानात तो भरपूर सापडतो, जयपुरात त्याचे मणी घडतात आणि किंमत बेताची असते. सावलीत तो जवळजवळ काळा दिसतो, पण दिव्यासमोर धरला की डाळिंबाच्या दाण्यासारखा उजळतो. त्यात लोह असल्यामुळे घरच्या घरी एक सुंदर परीक्षा करता येते. एक सुटा मणी थर्माकोलच्या पातळ तुकड्यावर ठेवून तो वाटीतल्या पाण्यावर तरंगत सोडावा आणि निओडिमियमचे जोरदार चुंबक हात न लावता जवळ न्यावे. लाल तामडा हळूहळू चुंबकाकडे सरकतो. माणिक, स्पिनेल आणि अकीक (इंग्रजीत कार्नेलियन) जागचे हलत नाहीत.

अकीकाबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण हा आमच्या अंगणातला दगड आहे. बडोद्याच्या एका बाजूला खंभात आणि दुसऱ्या बाजूला भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणी, अशा जागी आम्ही राहतो. खाणीतून निघणारा दगड पिवळट तपकिरी असतो. तो महिनोन्‌महिने उन्हात वाळवतात, मग मडक्यात भरून शेणाच्या किंवा भुशाच्या मंद आचेत तापवतात, आणि दगडातील लोहाच्या संयुगातले पाणी निघून गेले की तो लाल होतो. ही लाली बाहेरून लावलेली नसून दगडातूनच आलेली असल्याने तिला मी खोटी म्हणत नाही. नंतर खंभातचा कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याच्या कपऱ्या काढतो, आणि आकार आल्यावर हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने दोन्ही टोकांकडून भोक पाडतो. दोन भोके मधोमध तंतोतंत जुळत नाहीत. सुई घालताना तिथे बारीक पायरी लागते, आणि ती माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळते. हडप्पा संस्कृतीतील लोक हेच काम दगडी सामत्याने करीत. आधुनिक प्रयोगांत त्या पद्धतीने तासाला सुमारे अडीच मिलिमीटर एवढीच प्रगती झाली, म्हणजे सहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याला चोवीस तासांचे काम. असे मणी मेसोपोटेमियातील ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोहोचले. (दगडाच्या धुळीने खंभातच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, हेही ही माळ गळ्यात घालताना ठाऊक असावे.) अकीक उजेडात धरल्यास मधासारखा अर्धपारदर्शक दिसतो, कधी आत फिकट पट्टेही दिसतात. प्रकाश मुळीच आरपार जात नसेल आणि दगड विटकरी असेल, तर तो जास्पर.

पोवळे हा दगडच नव्हे. समुद्रातील सूक्ष्म जीवांनी रचलेला तो चुना आहे. म्हणूनच ते इतके मऊ असते, आणि घामाने, अत्तराने, लिंबाच्या रसाने त्याची झिलई जाते. भिंगाखाली त्यावर बारीक, समांतर रेषा दिसतात. नकली माल बहुधा रंगवलेल्या बांबू-पोवळ्याचा, म्हणजे बांबूसारखी पेरे असलेल्या पोवळ्याचा, असतो. त्याच्या रेषा जाड असतात आणि भोकाच्या कडेला रंग साचलेला दिसतो. तथापि भोकात पांढरे दिसले म्हणून लगेच निकाल देऊ नये, कारण जपानच्या समुद्रातील गडद लाल पोवळ्याचा गाभा मुळातच पांढरा असतो.

राहता राहिली काच आणि रंगवलेला स्फटिक. काचेत गोल बुडबुडे दिसतात आणि हातात धरल्यावर ती दगडापेक्षा लवकर कोमट होते. काच निघाली म्हणून हिरमुसू नये. खंडेराव महाराज गायकवाडांनी करवून घेतलेल्या मोत्यांच्या प्रसिद्ध गालिच्यातही माणकांच्या आणि हिऱ्यांच्या जोडीला रंगीत काचमणी आहेत. रंगवलेल्या स्फटिकाने मात्र मला स्वतःला फसवले आहे. एका प्रदर्शनातून "माणिक" म्हणून घेतलेल्या माळेने पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या पांढऱ्या पोलक्याची कॉलर गुलाबी केली. तेव्हापासून कापसाच्या बोळ्याला नखांचे पॉलिश काढायचे ॲसिटोन लावून एका मण्याचे भोक पुसून पाहिल्याशिवाय मी माळ हातात घेत नाही. आणि मण्यांवर काळा ठिपका असेल, तर त्या गुंजा आहेत. ते बी विषारी असते, म्हणून माळ मुलांपासून दूर ठेवावी.

सुई तापवून टोचणे, आम्लाचा थेंब टाकणे, काचेवर ओरखडा काढून पाहणे, यांतले काहीही करू नये. मणी खरा असला तरी त्याने बिघडतो. वर सांगितलेल्या परीक्षांनी समाधान झाले नाही, तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत एकच मणी द्यावा, कारण माळ एकाच मालाची असली तर तेवढ्याने भागते. त्याआधी सगळे मणी एकाच मालाचे आहेत का, हे दिवसाच्या उजेडात तपासावे. जुन्या माळांत हरवलेल्या मण्यांच्या जागी पुढे कोणी तरी भलतेच मणी ओवलेले मला पुष्कळदा सापडले आहेत, आणि मामी, शेजारी व सोनार हे तिघेही आपापल्या जागी बरोबर असण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.