कोळशाचा नवा स्मोकर पहिल्यांदा कसा तयार करावा आणि सुरक्षितपणे कसा पेटवावा?

आपण विचारले आहे की, दापोलीच्या घरी कोळशाचा नवा स्मोकर, म्हणजे निखाऱ्यांच्या धुरात मासे शिजवण्याचे झाकणाचे पत्र्याचे भांडे, आणला आहे, तर त्यात पहिले बांगडे ठेवण्याआधी काय करावे आणि रॉकेल न ओतता कोळसा कसा पेटवावा. मी गुहागरला अंगणात असा स्मोकर काही वर्षे वापरत आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

घावनांसाठी बिडाचा नवा तवा आपण तेल लावून, तापवून तयार करतो, तसेच हे काम आहे. नव्या पत्र्यावर यंत्राचे तेल आणि धूळ असते, म्हणून आतला भाग आणि जाळ्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. मग गोडेतेलात भिजवून पिळलेले फडके आतून इतके हलके फिरवावे, की पत्र्याला चकाकी यावी पण ओघळ येऊ नये. हात जड पडला तर थर चिकट राहतो आणि पुढे त्याचे पापुद्रे माशावर पडतात. यानंतर रिकामा स्मोकर १२० ते १३५ अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास चालवावा. उष्णतेने तेलाचा घट्ट, काळपट लेप बनतो आणि तोच गंज अडवतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एकदा केले म्हणजे झाले असे होत नाही. मी दर पावसाळ्यानंतर गंज घासून काढून हे पुन्हा करतो.

पेटवण्यासाठी रॉकेल नको, कारण त्याचा वास अन्नात उतरतो आणि धुमसत्या निखाऱ्यांवर ओतल्यास भडका थेट हातापर्यंत येतो. त्याऐवजी कोळशाची चिमणी, म्हणजे तळाशी जाळी असलेले पत्र्याचे नळकांडे, वापरावी. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगाळून ठेवावेत, वर लाकडी किंवा करवंटीचा कोळसा भरावा आणि मग कागद पेटवावेत. साधारण १५ ते २० मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी साय धरते, तेव्हा तो जाड हातमोजे घालून स्मोकरमध्ये ओतावा. काजूची टरफले घरी कितीही पडलेली असली तरी जाळू नयेत, त्यांच्यातील तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार दोनदा करावा. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे रात्री थांबतात आणि जमिनीवरून मतलई वारे सुटतात. त्यामुळे चार वाजता सुरक्षित वाटलेली ठिणगी रात्री नेमकी झापांच्या मांडवाकडे किंवा गवताच्या उडवीकडे जाऊ शकते. पावसाची सर आली तरी पेटता स्मोकर पडवीत ओढू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि बंदिस्त जागेत तो जीव घेतो. झाकणही एकदम उघडू नये. आधी जरासे किलकिले करून थांबावे, नाहीतर आत शिरलेल्या हवेने ज्वाळा उसळते.

काम झाल्यावर हवेची सगळी भोके बंद करावीत, म्हणजे निखारे आपोआप विझतात. राखेबाबत मात्र मी स्वतः फसलो आहे: रात्रीची राख सकाळी गार समजून माडाच्या आळ्यात टाकली आणि दुपारी तिथली वाळकी सोडणे, म्हणजे नारळाची वरची साले, धुमसत होती. तेव्हापासून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवतो, आणि मग पाणी मारूनच आळ्यात घालतो.