अर्ज किती भरले, एवढ्यावर थांबू नकोस

प्रिय,

गरिबांना सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणाऱ्या ज्या दोन संस्थांमधून तुला निवड करायची आहे, त्यांचे अहवाल वाचले. दोन्हींत भरलेल्या अर्जांचा आकडा ठळक छापलाय. त्यावरून निर्णय घेऊ नकोस. भरलेले अर्ज, मंजुरी, खात्यात आलेला पहिला हप्ता आणि वर्षानंतरही चालू असलेला लाभ, असे चार आकडे वेगवेगळे मागव. लाभ बऱ्याचदा नूतनीकरणाच्या वेळी तुटतो आणि तोवर संस्थेची माणसं दुसऱ्या वस्तीत गेलेली असतात.

आता हिशोब. समज, 100 अर्ज भरले, 60 मंजूर झाले, 45 जणांना पैसे मिळाले. त्यातल्या 20 जणांनी संस्था नसती तरी स्वतःहून लाभ मिळवलाच असता. उरले 25. खर्चाला 100 ने नाही, 25 ने भागायचं. दरडोई खर्च चौपट निघतो.

ते 20 शोधणं हेच खरं अवघड काम. संस्था टप्प्याटप्प्याने पसरत असेल, तर जिथे ती पुढच्या वर्षी जाणार आहे तिथे यंदा किती जणांना आपसूक लाभ मिळाला, ते मोजता येतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पात्र असूनही अन्नसाहाय्य न घेणाऱ्या वृद्धांवर फिंकेलस्टाइन आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांत काहीच न केलेल्या गटात 6 टक्के लोकांची नोंदणी झाली, नुसती माहिती दिलेल्यांत 11 आणि अर्जासाठी मदतही केलेल्यांत 18. म्हणजे 18 पैकी श्रेय 12 चंच. एका वाढीव नोंदणीला नुसत्या माहितीने सुमारे 20 डॉलर लागले, मदतीसह 60. शिवाय नव्याने आलेले लोक सरासरीने कमी गरजू निघाले. म्हणून लाभ कोणाकोणाला मिळाला, तेही विचारच.

योजनेत जागा ठरावीक असतील तर आणखी सावध राहा. तिथे एकाचा नंबर लागला की दुसऱ्याचा जातो, आणि एकूण गरिबांच्या हाती जास्त काही पडत नाही.

मग पडताळणी. सहा महिन्यांपूर्वीच्या सगळ्या अर्जांची यादी घे आणि त्यातले 40 तू स्वतः निवड, नाकारलेले अर्जही धरून. पैसे आले का, किती आले, मध्ये कोणाला काही द्यावं लागलं का, हे विचार. फोन नसलेल्यांकडे प्रत्यक्ष जायला हवं, नाहीतर सगळ्यांत गरीब माणसंच मोजणीतून गळतात. नाकारलेल्यांची कारणं संस्थेकडच्या नोंदींशी ताडून बघ: कागदपत्रांत नाव वेगळं, बँक खातं बंद, रहिवासाचा पुरावा नाही. चांगल्या संस्थेकडे प्रत्येक कारणापुढे आकडा असतो.

अर्जदारांची नावं देता येणार नाहीत असं संस्था म्हणाल्या तर ते रास्त आहे. मग नुसते अर्जक्रमांक माग, निवड तूच कर, आणि संमती घेऊन गाठ घालून द्यायला सांग. कितींनी नकार दिला आणि किती सापडलेच नाहीत, तेही लिहून घे.