पटावरचं नाव

प्रश्न : बाई, मी दिघ्याच्या वस्तीत संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग घेते. त्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा लोकलमध्ये मोबाइल चोरताना सापडला. काही आठवडे निरीक्षणगृहात राहून घरी आला. परवा त्याची आई त्याला घेऊन आली, ‘पुन्हा बसू द्या’ म्हणाली. बाकीचे पालक म्हणतात, तो येणार असेल तर आमची मुलं येणार नाहीत. एकोणिसाव्या शतकातली इंग्लिश समाजसुधारक मेरी कार्पेंटर, तिचं नाव मी बी.एड.ला वाचलं होतं. तिनं काय केलं असतं? की ते सगळं मडमांचं दयेचं काम होतं?
– एक वाचक, दिघा

उत्तर : त्याला बसू दे. उत्तर एवढंच आहे, पण पालकांसमोर उभं राहायला तुला बळ हवं, म्हणून पुढचं लिहिते.

मेरी इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. वडिलांच्या शाळेतच शिकली, तिथेच शिकवू लागली. (राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टललाच वारले. त्या मुक्कामात तिची त्यांच्याशी भेट झाली होती, हिंदुस्थानची ओढ तेव्हापासूनची.) १८४६च्या ऑगस्टमध्ये लुइन्स मीड या गरीब वस्तीत तिनं शाळा उघडली. अशा शाळांना तेव्हा ‘फाटक्यांच्या शाळा’च म्हणत. पोरं अनवाणी, काहींच्या अंगात सदरासुद्धा नाही, रात्री धक्क्यावरच्या पिंपांत झोपायची, भुरट्या चोऱ्यांवर जगायची. तीच तिचा पट झाली.

त्या काळी इंग्लंडात किरकोळ चोरीसाठीही पोरं मोठ्यांच्या तुरुंगात जात. मुलांसाठी म्हणून १८३८ साली पार्कहर्स्टचा वेगळा तुरुंग झाला, तर तिथेही सुरुवातीला पायांत बेड्या. १८५१च्या पुस्तकात मेरीनं त्यावर कडाडून टीका केली. मुलाचं मन आपल्या बाजूला आलं नाही तर भिंती काही घडवत नाहीत, हे तिचं सांगणं. नुसतं लिहून थांबली नाही. १८५२ मध्ये किंग्जवुडला गुन्हा केलेल्या मुलांसाठी सुधारशाळा काढली, १८५४ मध्ये मुलींसाठी तशीच रेड लॉज. त्या इमारतीचे पैसे कवी बायरनची विधवा, लेडी बायरननं दिले.

त्याच १८५४ साली सरकारनं सुधारशाळांचा कायदा केला, पण एक पाचर मारून ठेवली : मुलानं आधी किमान चौदा दिवस तुरुंगात काढायचे, मगच शाळा. मेरीचा याला ठाम विरोध होता. ती १८७७ मध्ये गेली, आणि ही अट पुरती गेली १८९९ मध्ये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. आधी शिक्षा, मग शाळा. तुझे पालक याहून वेगळं काय मागतायत? आणि या मुलाचे तर ‘चौदा दिवस’ भरूनही झालेत.

दयेचं म्हणशील, तर पुस्तकाच्या नावातच तिनं या मुलांना ‘नाश पावणारे आणि धोकादायक वर्ग’ म्हटलंय. ती भाषा तिच्या वर्गाची, मला ती बोचते. शिवाय तिची वाटणी पक्की होती : गरिबांसाठी मोफत शाळा, भटक्यांसाठी उद्योगशाळा, गुन्हा केलेल्यांसाठी सुधारशाळा. तुझ्या मुलाला तिनं कदाचित किंग्जवुडला धाडलं असतं. इथे माझं तिच्याशी जुळत नाही. घर आहे, आई हात धरून घेऊन येते आहे, अशा मुलाची जागा वस्तीतल्या वर्गातच. १८६६ पासून ती चार वेळा हिंदुस्थानात आली, स्त्रीशिक्षिका घडवा म्हणून सरकारच्या मागे लागली, ते मोठंच काम. पण आपल्याकडे सावित्रीबाई १८४८ पासून पुण्यात शिकवत होत्या, हेही विसरू नकोस.

आता माझं. ठाण्यात एका शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका असताना एका मुलानं शाळेचे पितळी नळ काढून भंगारवाल्याला विकले. चार नळ. मुख्याध्यापक म्हणाले, दाखला देऊन मोकळे व्हा. मी सही केली. पटावरचं त्याचं नाव माझ्याच हातानं लाल शाईनं खोडलं. बऱ्याच वर्षांनी ठाणे स्टेशनबाहेर त्यानं मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, म्हणाला, ‘बाई, त्या दिवशी घरात पाणी भरायलाही पैसे नव्हते.’ तेव्हा मी हे विचारलंच नव्हतं.

म्हणून तू विचार. चौकशी म्हणून नको, शेजारी बसून. पालकांना एकेकट्या घरी जाऊन भेट, सभा घेऊ नकोस, सभेत एक ओरडला की सगळे ओरडतात. त्याच्या प्रकरणाचा तपशील कुणालाही सांगू नकोस. २०१५चा बालन्याय कायदाही अशा मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. मोबाइल एका पेटीत ठेवायचा नियम कर, पण सगळ्यांसाठी, तुझ्यासकट. आणि वर्गाची हजेरी महिनाभर त्याला घेऊ दे. पहिले काही दिवस तो मागे भिंतीला टेकून बसेल, काही लिहिणार नाही. बसू दे. दोन-तीन मुलं येणं थांबवतील, त्यांची नावं पटावरून काढू नकोस.