माझ्या पाच वर्षांच्या डॅशहंड कुत्र्याचे मागचे पाय दोन दिवसांपासून लटपटतात, पाठीला कमान आहे, उचललं की ओरडतो. काल डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, एक्स-रे मात्र नॉर्मल आहे. मणक्याची गादी सरकली असेल का?

एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून गादीचा त्रास नाही, असं धरून चालू नका. गादी आणि मज्जारज्जू साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. फार तर दोन मणक्यांमधली फट अरुंद झालेली किंवा गादीत कॅल्शियम साचलेलं दिसतं, आणि ते दिसलं तरी दाब नेमका तिथेच आहे असं म्हणता येत नाही. मोडलेला मणका, हाड खाणारी गाठ किंवा मणक्यातला जंतुसंसर्ग यांची शंका असेल तेव्हा एक्स-रे कामाचा. गादीची जागा पक्की करायला एमआरआय लागतो. गादीच्या आतला गर कॅल्शियममुळे कडक झालेला असेल तर सीटी स्कॅनवरही भागतं.

पाच वर्षांचा डॅशहंड, पाठीला कमान, उचलताना ओरडतो, दोन दिवसांपासून मागचं धड डुलतं, हे तुमचं वर्णन गादीचंच वाटतं. आखूड पायांच्या जातींत गादीतला मऊ गर लहान वयातच पाणी गमावून कडक होतो. मग सोफ्यावरून उडी मारताना, कधी काहीच निमित्त नसताना, बाहेरचं कवच फाटतं आणि गर वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. बहुतेकदा हे छाती संपून कंबर सुरू होते तिथे घडतं. त्याच्या पुढे, डोक्याच्या बाजूला, बऱ्याच मणक्यांत दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना जोडणारा आडवा अस्थिबंध गादीला वरून दाबून धरतो, म्हणून तिथे क्वचितच. (मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांत गादी सहसा फुटत नाही, हळूहळू फुगते. ते दुखणं महिनोन्‌महिने चालतं.)

पुढे काय करायचं हे पाय किती काम करतात यावर ठरतं. त्याला पोटाखाली हात देऊन उभं करा आणि मागचा एक पंजा हलकेच उलटा, वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. तो तसाच राहिला किंवा सावकाश फिरला तर मज्जारज्जूवर परिणाम झालाय. दिवसातून दोन-तीनदा बघा आणि वेळेसकट लिहून ठेवा. सकाळी चालणारा कुत्रा संध्याकाळी उठेनासा झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री निघायचं.

पाय अजिबात हलत नसतील तर एकच प्रश्न उरतो: खोल वेदना कळते का? डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड दाबून हे तपासतात, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पाय मागे ओढला म्हणजे वेदना कळली असं नाही. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मेंदूशी संबंध तुटला तरी ती होते. कुत्र्याने मान वळवली, ओरडला, चावायला धावला, तरच कळली म्हणायचं. वेदना कळत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊ किंवा अधिक कुत्रे पुन्हा चालतात. कळत नसेल तर हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर राहतं, आणि नुसत्या औषधांवर त्याहून बरंच कमी.

तुमचा कुत्रा अजून चालतोय, म्हणजे आधी विश्रांतीचा मार्ग रास्त आहे. पण विश्रांती म्हणजे किमान चार आठवडे पिंजरा: उभं राहता, वळता, पसरता येईल एवढाच. शी-शूपुरतं पट्ट्याला बांधून पाच मिनिटं बाहेर. पट्टा गळ्याला नको, छातीच्या हार्नेसला. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबतं, कुत्रा खेळायला मागतो आणि घरच्यांचं मन विरघळतं. फाटलेलं कवच तोवर भरलेलं नसतं, उरलेला गर तेव्हाच बाहेर येतो.

औषधांत सूज-वेदना कमी करणारी गोळी आणि जोडीला गॅबापेंटिन (नसांच्या वेदनेवरचं औषध), साधारण किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. नेमका डोस डॉक्टरच ठरवतील. माणसांचं पातळ गॅबापेंटिन देऊ नका, काहींत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी. माणसांची वेदनाशामक गोळी आयबुप्रोफेनही नाही. काल दिलेल्या इंजेक्शनचं नाव मात्र आजच विचारून घ्या. ते स्टेरॉइड असेल तर मध्ये काही दिवस गेल्याशिवाय ती सूज-वेदनेची गोळी सुरू करता येत नाही. दोन्ही एकत्र गेली की जठराला व्रण पडतात, कधी भोकही. तसंही गादीच्या या त्रासात स्टेरॉइडने फारसं काही साधत नाही.

लघवीकडे लक्ष ठेवा. अंथरूण ओलं आहे म्हणजे शू होतेय असं नाही. तुंबलेली पिशवी ओसंडूनही गळते. पोट खालून टणक लागत असेल तर दर सहा ते आठ तासांनी पिशवी दाबून रिकामी करावी लागते. ते डॉक्टरांकडून हातात हात घेऊन शिकून घ्या, वाचून जमत नाही.