संदेश पाठवणारे प्रोग्रॅम आणि मेमचेकचे इशारे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी द्रवगतिकीचा संशोधक विद्यार्थी असून माझा प्रोग्रॅम सी भाषेत, ओपन एमपीआय (प्रक्रियांमध्ये संदेश पाठवण्याच्या एमपीआय या मानकाची एक लायब्ररी) वापरून लिहिलेला आहे. व्हॅलग्राइंड या स्मृतीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली तो लॅपटॉपवर चार प्रक्रियांनी चालवला, तर माझ्या फंक्शनांबद्दल एकही इशारा येत नाही. प्रयोगशाळेतल्या दोन संगणकांवर साध्या इथरनेटने चालवला, की ‘राइटव्ही’ या सिस्टिम कॉलला (बाइट लिहिण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंतीला) मूल्य न भरलेले बाइट दिल्याचे इशारे येतात. आणि विद्यापीठाच्या इन्फिनिबँड हे वेगवान नेटवर्क असलेल्या क्लस्टरवर संदेश स्वीकारल्यानंतरच्या प्रत्येक ‘इफ’वर तक्रार होते. उत्तरे तिन्हीकडे सारखीच येतात. सहकारी म्हणतात, हे सगळे इशारे लायब्ररीचे आहेत, सप्रेशन फाइल (कोणते इशारे दाखवू नयेत याची यादी) लावून गप्प करावेत. तसे करावे का?

उत्तर : सरसकट करू नये. आपल्याला तीन ठिकाणी तीन वेगळी चित्रे दिसतात, याचे कारण प्रोग्रॅममध्ये नसून संदेश ज्या वाटेने जातो त्या वाटेत आहे. मेमचेक, म्हणजे व्हॅलग्राइंडमधला स्मृती तपासणारा भाग, प्रत्येक प्रक्रियेच्या स्मृतीतील एकेका बिटासाठी ‘यात मूल्य भरले आहे की नाही’ अशी खूण स्वतंत्रपणे ठेवतो. मूल्य न भरलेला बाइट नुसता एका जागेवरून दुसरीकडे नकलला, तर तो काहीही बोलत नाही. त्या बाइटवर एखादी अट अवलंबून राहिली, तो पत्ता म्हणून वापरला गेला किंवा सिस्टिम कॉलला दिला गेला, तरच इशारा येतो. लॅपटॉपवर प्रक्रिया एकमेकींशी सामायिक स्मृतीतून बोलतात. तिथे पाठवणे म्हणजे बहुधा नुसती नक्कल असते, म्हणून शांतता. इथरनेटवर तेच बाइट ‘राइटव्ही’मधून जातात, म्हणून इशारा. इन्फिनिबँडवर मात्र नेटवर्क कार्ड मजकूर थेट स्वीकारणाऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे संदेशासाठी ठेवलेल्या स्मृतीत, लिहू शकते आणि मेमचेकला त्या लिखाणाचा पत्ताच लागत नाही. भरलेला बफरही त्याला रिकामा वाटतो. आपल्या क्लस्टरवरच्या तक्रारी बहुतांशी या जातीच्या, म्हणजे खोट्या असाव्यात.

पण इथरनेटवरचा इशारा मला गंभीर वाटतो. मूल्य न भरल्याची खूण संदेशाबरोबर प्रवास करत नाही. पलीकडच्या प्रक्रियेने बाइट सॉकेटमधून वाचले, की तिथला मेमचेक ते पूर्ण भरलेले मानतो, आणि त्यानंतर त्या कचऱ्यावर कितीही गणित केले तरी तो तक्रार करत नाही. म्हणजे पाठवणाऱ्या बाजूचा इशारा ही बहुतेकदा शेवटची संधी असते, आणि तीच गप्प केली तर चूक बिनबोभाट उत्तरात शिरते.

म्हणून आधी ते बाइट कोणाचे आहेत, हे पाहावे. इशाऱ्याच्या शेवटी तो पत्ता कोणत्या ब्लॉकमधला आहे आणि तो ब्लॉक कोणी मागवला, हे दिलेले असते. तिथे लायब्ररीचीच अंतर्गत फंक्शने असतील, तर संदेशाच्या शीर्षकातील मोकळे बाइट असण्याची शक्यता मोठी आहे आणि ओपन एमपीआयबरोबर येणारी सप्रेशन फाइल त्यासाठीच आहे. तिथे आपले फंक्शन दिसले, तर ‘ट्रॅक-ओरिजिन्स’ हा पर्याय चालू करून पुन्हा चालवावे. वेग आणखी मंदावेल, पण मूल्य न भरलेली ती स्मृती कुठे निर्माण झाली, ते कळेल.

द्रवगतिकीच्या प्रोग्रॅममध्ये दोन जागा मी आधी तपासेन. पहिली म्हणजे स्ट्रक्चर. एक ‘इंट’ आणि एक ‘डबल’ मिळून नेहमीच्या ६४ बिटी संगणकावर १२ नव्हे, १६ बाइट होतात, आणि मधले ४ बाइट कोणीच भरत नाही. स्ट्रक्चर कच्च्या बाइटांच्या रूपात पाठवले, की तेही जातात. त्यातून उत्तर बिघडत नाही, तरीही एमपीआयचा स्वतःचा डेटाटाइप (कोणती क्षेत्रे पाठवायची याचे वर्णन) बनवून फक्त खरी क्षेत्रे पाठवावीत. निदान पाठवण्यापूर्वी ‘मेमसेट’ने जागा शून्य करावी. दुसरी जागा म्हणजे जाळीच्या कडेचे हॅलो, म्हणजे शेजारच्या प्रक्रियेकडच्या बिंदूंच्या नकलांची पट्टी. शेजारच्या प्रक्रियेला पूर्ण ओळ पाठवताना कोपऱ्यांतले बिंदूही जातात, आणि ते बरेचदा कोणीच भरलेले नसतात. पाच बिंदूंच्या स्टेन्सिलमध्ये (एका बिंदूचे मूल्य काढताना वाचायच्या बिंदूंच्या रचनेत) कोपरे वाचलेच जात नाहीत, म्हणून उत्तर बरोबर येते. उद्या कोणी नऊ बिंदूंचे स्टेन्सिल घातले, की तोच कचरा गणितात येईल आणि स्वीकारणाऱ्या बाजूला एकही इशारा मिळणार नाही.

क्लस्टरवरच्या खोट्या तक्रारींसाठी दोन उपाय आहेत. निदानापुरते ओपन एमपीआयला ‘ओबी१’ हा संदेश हाताळणारा भाग आणि ‘टीसीपी’ हा साध्या नेटवर्कचा मार्ग वापरायला सांगावे. किंवा व्हॅलग्राइंडची ‘लिबएमपीआयरॅप’ ही लायब्ररी प्रोग्रॅमच्या आधी लोड करावी. ती पाठवण्याआधी बफर भरलेला आहे का, हे तपासते आणि स्वीकारल्यानंतर तो भरल्याची खूण करते, त्यामुळे लॅपटॉपवरची फसवी शांतताही मोडते. मात्र ती लायब्ररी आपल्याच एमपीआयच्या ‘एमपीआयसीसी’ या कंपाइल करणाऱ्या कमांडने बांधलेली असावी लागते.

कमांडमध्ये ‘एमपीआयरन’ (प्रक्रिया सुरू करणारा प्रोग्रॅम) आधी आणि ‘व्हॅलग्राइंड’ नंतर हवे. उलट लिहिले तर तपासणी आपल्या प्रोग्रॅमची न होता ‘एमपीआयरन’ची होते. प्रत्येक रँकची, म्हणजे क्रमांक दिलेल्या प्रत्येक प्रक्रियेची, लॉग फाइलही वेगळी ठेवावी.

प्रश्न : प्रोग्रॅम संपताना स्मृतिगळतीची (मागवून परत न केलेल्या स्मृतीची) लांबलचक यादी येते. त्यातली माझी कोणती, हे कसे ओळखावे?

उत्तर : फक्त ‘एमपीआय इनिट’ आणि ‘एमपीआय फायनलाइझ’ ही एमपीआय सुरू व बंद करणारी फंक्शने असलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावर, त्याच पर्यायांसह चालवून पाहा. त्याच्या यादीत येईल ते लायब्ररीचे. काही जागा लायब्ररी शेवटपर्यंत मुद्दामच सोडत नाही. नंतर आपला प्रोग्रॅम कमी आणि जास्त कालपावलांसाठी चालवा. पावलांबरोबर वाढणारी गळती बहुधा आपलीच असते. मुख्य लूपमध्ये डेटाटाइप बनवून तो ‘टाइप फ्री’ने न सोडणे, कम्युनिकेटरची (एकमेकींशी बोलणाऱ्या प्रक्रियांच्या गटाची) प्रत काढून ती तशीच ठेवणे आणि ‘आयसेंड’ने (न थांबता पाठवणे सुरू करणाऱ्या फंक्शनने) दिलेल्या रिक्वेस्टवर, ते काम पूर्ण होईपर्यंत थांबवणारे ‘वेट’ कधीच न करणे, ही तिची नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी स्मृती मागवणारे फंक्शन लायब्ररीचे दिसते, म्हणून कॉलची साखळी आपल्या ओळीपर्यंत वाचत जावे.

प्रश्न : ‘आयसेंड’ आणि ‘वेट’ यांच्या दरम्यान मी बफर बदलला, तर मेमचेक ते पकडेल का?

उत्तर : एरवी नाही. ती स्मृती आपलीच आहे आणि भरलेलीही आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. ओपन एमपीआयमध्ये १.३ आवृत्तीपासून ‘मेमचेकर’ नावाची सोय आहे. डीबग आणि व्हॅलग्राइंडच्या पर्यायांसह ओपन एमपीआय पुन्हा बांधले, की ते अशा बफरावरचे लिखाण आणि ‘आयरिसीव्ह’ (न थांबता स्वीकारणे सुरू करणारे फंक्शन) पूर्ण होण्याआधीचे वाचन दोन्ही दाखवते. पाठवायच्या बफरमधून नुसते वाचणे मात्र २००९ सालच्या एमपीआय २.२ मानकापासून ग्राह्य आहे. अशी बांधणी हळू चालते, म्हणून ती रोजच्या बांधणीपासून वेगळ्या डिरेक्टरीत ठेवावी.