पंधरा वर्षांची मुलगी फक्त फँटसी आणि टीनएजर्सच्या कादंबऱ्या वाचते. तिला 'खऱ्या' साहित्याकडे कसं वळवायचं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगी वर्षभर एकतर ड्रॅगन आणि जादूगारांच्या जाडजूड मालिका वाचते, नाहीतर शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींच्या कादंबऱ्या. तुम्ही हौसेने आणलेली अभिजात पुस्तकं तशीच पडून आहेत, आणि यातून तिला बाहेर कसं काढायचं ते एखाद्या ग्रंथपालाने सांगावं, असं तुम्हाला वाटतं. मी ग्रंथपाल आहे. किशोरांचा विभाग सतरा वर्षं माझ्याकडे आहे. माझं उत्तर असं की तिला कुठेही वळवू नका. ती ज्या कपाटासमोर उभी आहे त्यातच खरं साहित्य आहे. माझी पन्नाशी जवळ आली तरी घरी जाताना माझ्या पिशवीत बहुतेक वेळा त्याच कपाटातलं पुस्तक असतं.

का, ते सांगते. मोठ्यांच्या कादंबरीत पौगंडावस्था बहुधा आठवण होऊन येते. सांगणारा चाळिशी-पन्नाशीचा असतो आणि 'तेव्हा मला कळत नव्हतं' ही जाणीव त्याच्या प्रत्येक वाक्यात मुरलेली असते. किशोर कादंबरीत ही सोय नसते. सांगणारी मुलगी सोळा वर्षांची आहे, गोष्ट आत्ता घडतेय आणि उद्या काय होणार हे तिला ठाऊक नाही. मैत्रीण तुटली तर ती कायमचीच तुटली असं तिला वाटतं, कारण पुढे दुसऱ्या मैत्रिणी मिळतात हा अनुभव तिच्या गाठीशी अजून नाही. लेखकाला हे फार जड जातं. त्याला स्वतःचं सगळं शहाणपण दाराबाहेर ठेवून आत यावं लागतं. ज्यांना ते जमतं त्यांची पुस्तकं मी पुन्हा पुन्हा वाचते. माणूस पहिल्यांदाच एखादा निर्णय घेतो तेव्हा त्याच्या आत काय चालतं, हे मला दुसरीकडे कुठे इतकं जवळून दिसलेलं नाही.

एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. १९६७ साली ती छापून आली तेव्हा अठराच्या. गरीब आणि श्रीमंत वस्तीतल्या पोरांच्या टोळ्यांची ही गोष्ट चौदा वर्षांचा मुलगा सांगतो. मुलीने लिहिलंय हे कळलं तर समीक्षक पुस्तक बाजूला सारतील, म्हणून प्रकाशकाने नाव आद्याक्षरांत छापायला सुचवलं. त्यांच्या वयाच्या मुलांचं खरं जगणं पुस्तकांत नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतः लिहिलं. आज 'यंग अडल्ट' नावाने जी कपाटं भरलेली दिसतात, त्यांच्या मुळाशी बरेच जण याच पुस्तकाला मानतात.

आता ड्रॅगनांकडे येते, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे असं दिसतं.

उर्सुला ले ग्विन यांना एका प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी कादंबरी मागितली. गोष्टींतले जादूगार सगळे पिकल्या दाढीचे असतात, मग त्या दाढ्या पांढऱ्या होण्याआधी ते काय करत होते, असा प्रश्न ले ग्विन यांना पडला. जादू शिकत असतील, तर चुकतही असतील. त्यातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. गेड नावाचा हुशार, तापट, गरिबीतून आलेला मुलगा. वर्गातल्या एका मुलाने टोचून बोललेलं त्याला सहन होत नाही आणि आपली ताकद दाखवायच्या नादात तो एक काळी सावली जगात सोडून बसतो. उरलेलं पुस्तक त्या सावलीपासून पळण्याचं, आणि नंतर तिच्या मागे जाण्याचं आहे. शेवट सांगत नाही, तुम्ही वाचाच. पण मला सांगा, यातलं काय खोटं आहे? चारचौघांत अपमान झाला म्हणून रागाच्या भरात काहीतरी करून बसणं आणि मग ते निस्तरत राहणं, हे पंधराव्या वर्षी कुणाला चुकलंय? शिवाय गेडच्या जगात जादूला किंमत पडते. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे काय होईल याचा आधी विचार करावा लागतो. चांगली फँटसी मी याच एका कसोटीवर ओळखते. जादू फुकट मिळत असेल तर पुस्तक लवकर विसरलं जातं.

दुसरं उदाहरण फिलिप पुलमन यांच्या १९९५ सालच्या 'नॉर्दर्न लाइट्स'चं. त्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्याबरोबर चालतो. मुलांचा प्राणी सतत रूप बदलतो. घटकेत पतंग, घटकेत मांजर, घटकेत पक्षी. मूल मोठं झालं की तो एका रूपात कायमचा स्थिरावतो, आणि तो हवा तोच प्राणी असेल याची खात्री नसते. 'मी कोण होणार' या प्रश्नाची धडधड इतक्या थोडक्यात पकडणारी दुसरी कल्पना मला माहीत नाही. एखाद्या वास्तववादी कादंबरीला तेच सांगायला दोन प्रकरणं लागली असती.

फँटसी वाचायला सोपी असते, असंही तुम्ही लिहिलंय. ते मला पटत नाही. मुलीच्या एखाद्या मालिकेचा पहिला भाग उघडून बघा. सुरुवातीला नकाशा, मग तीस-चाळीस नावं, अनोळखी नातेसंबंध, अनोळखी कायदे, आणि कुणीही काही समजावून सांगत नाही. पहिली पन्नास पानं अर्धवट कळलेलं डोक्यात धरून, पुढे उलगडेल या भरवशावर वाचावं लागतं. एखादी जुनी, संथ, दूरच्या काळातली कादंबरी वाचायलाही हाच धीर लागतो. तुमच्या मुलीने तो कमावलेला आहे. अभिजात पुस्तकं पडून आहेत ती तिला झेपत नाहीत म्हणून नव्हे, तर ती बहुधा औषधासारखी तिच्या पुढ्यात ठेवली गेली म्हणून. माफ करा, पण हे मी फार घरांत पाहिलंय.

समकालीन, म्हणजे जादू नसलेल्या कादंबऱ्यांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. लॉरी हाल्स अँडरसन यांची १९९९ सालची 'स्पीक' घ्या. नववीत नुकतीच गेलेली मेलिंडा शाळेत कुणालाच नकोशी झालीय, कारण सुट्टीत एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला होता. का केला, हे ती कुणालाच सांगत नाही आणि हळूहळू तिचं बोलणंच थांबत जातं. तिच्यावर बलात्कार झालेला आहे. चित्रकलेच्या वर्गात तिला वर्षभरासाठी एकच विषय मिळालाय, झाड. ती ते पुन्हा पुन्हा काढते आणि ते जमत नाही. हे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नका म्हणणारे पालक मला भेटलेत. मी त्यांच्याशी शांतपणे बोलते आणि पुस्तक कपाटात ठेवते. ज्या मुलीला त्याची गरज असते ती ते मागायला येत नाही. ते तिच्या डोळ्यांच्या उंचीवर असावं लागतं.

हिंटन, ले ग्विन आणि अँडरसन या तिघींना एकच पुरस्कार मिळालाय: अनुक्रमे १९८८, २००४ आणि २००९ साली. पुरस्कार मार्गारेट एडवर्ड्स यांच्या नावाचा आहे, आणि त्या ग्रंथपाल होत्या याचा मला फार अभिमान वाटतो. अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहराच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात त्यांनी किशोर वाचकांसाठीचं काम उभं केलं. मुलं ग्रंथालयात येत नाहीत म्हटल्यावर १९४०च्या दशकात त्या घोडागाडीत पुस्तकं भरून वस्त्यांमध्ये गेल्या. हाताखालच्या ग्रंथपालांना त्यांची सक्त सूचना असे की जे पुस्तक मुलाला द्यायचं ते आधी स्वतः वाचा. मी इतक्या किशोर कादंबऱ्या वाचायला लागले ती सुरुवातीला या शिस्तीपोटीच. गोडी नंतर लागली, आणि मग ती सुटली नाही.

फँटसी आणि समकालीन हे दोन वेगळे वाचक आहेत असंही समजू नका. एकच मूल दोन्हीकडे जातं-येतं, आणि ते केव्हा जातं याला कारण असतं. माझ्याकडे एक मुलगा यायचा. दोन वर्षं त्याने फँटसीशिवाय काही नेलं नाही. मग एका मालिकेचा चौथा भाग त्याने लागोपाठ पाच वेळा नेला. परत करायचा आणि तिथल्या तिथे पुन्हा नावावर मांडून घ्यायचा. मी काही विचारलं नाही. सहाव्या वेळी टेबलाशी उभं राहून तो आपण होऊन म्हणाला, "यात त्याचा भाऊ परत येतो." थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग विचारलं, "भाऊ परत येत नाही असं काही आहे का?"

मी त्याला जेसन रेनॉल्ड्स यांची २०१७ सालची 'लाँग वे डाउन' दिली. पंधरा वर्षांच्या विलच्या भावाला गोळी घातली गेलीय. कमरेला पिस्तूल खोचून तो सूड घ्यायला निघालाय. लिफ्ट खाली पोचायला लागतो त्या मिनिटभरात सगळी कादंबरी घडते आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी आत येतं. सगळी मुक्तछंदात, पानावर मोजके शब्द, भोवती मोकळी पांढरी जागा. त्याने ती दुसऱ्याच दिवशी परत आणली आणि पुन्हा फँटसीच्या कपाटाकडे गेला. यावेळी नवी मालिका घेतली. आता तो नोकरी करतो. हे इथे लिहू का म्हणून त्याला विचारलं, तर "लिहा" म्हणाला.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. परीक्षेपुरता तो मी पाठ केला होता. तो कळला त्या मुलाने आपण होऊन विचारलं तेव्हा.

या कपाटातलं सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. तीन भागांत संपायला हवी होती ती मालिका सहाव्या भागापर्यंत ताणलेली असते. दोन मुलगे आणि मधे एक मुलगी हा मामला कधी कधी निव्वळ पानं भरायला येतो. एका पुस्तकाचा खप झाला की पुढची दोन वर्षं त्याच्याच सावल्या छापल्या जातात. मुलांना हे आपल्याआधी कळतं. ती अर्ध्यावर सोडून परत आणतात, आणि मी त्यांना कधीच 'पूर्ण का नाही वाचलं' असं विचारत नाही. सोडून देणं हेही वाचकाचं शिक्षण आहे.

तुम्ही लक्ष द्यावं अशी एक गोष्ट मात्र आहे. 'यंग अडल्ट' म्हणजे ढोबळमानाने बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीचं लेखन. अलीकडे प्रौढांसाठी लिहिलेल्या प्रणयप्रधान फँटसीची मुखपृष्ठंही हुबेहूब तशीच असतात आणि दुकानात ती शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यांतल्या काहींत शारीरिक संबंधांची उघड वर्णनं असतात. हिसकावून घेऊ नका, पण पुस्तक कोणत्या वयासाठी छापलंय ते बघा आणि तिच्याशी मोकळेपणाने बोला. पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढं बोलणं कळतं.

उलटही होतं. मोठ्यांसाठीच्या काही पुस्तकांवर मुलं आपला हक्क सांगतात. मिलिंद बोकीलांची २००४ सालची 'शाळा' किशोरांसाठी म्हणून आलेली नाही, पण आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद आणि त्याची मित्रमंडळी यांना वाचताना आजची नववीतली मुलंही मान डोलावतात. तुमच्या मुलीने ती वाचली नसेल तर घरात दिसेल अशी ठेवा. 'वाच' म्हणू नका.

आणि तिच्याशी पुस्तकांबद्दल बोलायचं असेल तर 'यातून काय शिकलीस' हा प्रश्न कृपा करून टाळा. तो ऐकला की मुलांचे चेहरे मिटतात, हे मी रोज पाहते. त्याऐवजी विचारा, यातल्या कुणाला तू आपल्या घरी राहायला आणशील आणि कुणाला दारातही उभं करणार नाहीस? किंवा, तू तिच्या जागी असतीस तर ते पत्र उघडलं असतंस का? उत्तर लगेच येणार नाही, पण येतं. आणि ती बोलू लागली की गोष्ट कितीही लांबली तरी मधे तोडू नका. चार राजघराणी आणि त्यांची भांडणं तुम्हाला ऐकावी लागतील.

स्वतः सुरुवात कशाने करायची, हेही तुम्ही विचारलंय. आधी 'अर्थसी' घ्या, ती छोटी आहे. मग 'स्पीक', एखाद्या सुट्टीच्या दिवशी, सलग वाचता येईल अशी. त्यानंतर मुलीकडूनच तिचं आवडतं पुस्तक मागा. नवी प्रत विकत आणू नका, तिने पानं दुमडलेली तिचीच प्रत मागा. ती सध्या कोणत्या मालिकेच्या कितव्या भागात आहे ते खाली कमेंटमध्ये लिहिलंत, तर तो भाग संपल्यावर तिच्या हाती काय द्यावं ते मी नक्की सांगेन.